लिंबाचं खाचर

१ मार्च

जावयानं जानेवारीत कंपनीची डायरी दिलती. दोन म्हयने कोरी पडली. आज काढली. घरात बोलायला कुणी न्हाई म्हणून न्हाई. चांगली वस्तू वाया जाऊ नये म्हणून.

रत्नाबाई सूसला गेली, वैष्णवीच्या बाळंतपणाला. पोरीचं दुसरं बाळंतपण. दवाखाना तिकडं, लिफ्ट तिकडं, म्हणून आईनंच तिकडं जायचं. आता दीड म्हयना मी एकटा. मला एकटं र्‍हायला काय अडचण न्हाई.

जाताना झाडांचं सांगत बसली. परसात दोन झाडं हायेत. एक लिंबू, तिनं सोता लावलेलं, सगळी आळी त्याची लिंबं नेती. दुसरी मोसंबी, उतारावर, कोपर्‍यात. तिला आजवर एक फळ न्हाई. सूचना अशी की लिंबाला आठवड्यातनं दोनदा पाणी, ते बी लांबून, बुंध्याला लागू द्यायचं न्हाई. गाडीत बसली, काच खाली केली, परत तेच. अवो, बुंध्याला न्हाई हं.

बुंध्याला न्हाई तर काय शेंड्याला घालायचं? चाळीस वर्षं भात लावतोय मी. मला झाड शिकवती.

निश्चय: ती येईल तवा लिंबू वळखू येता कामा नये.

३ मार्च

मार्चात शेतात काम न्हाई. हात शिवशिवत्यात. आठवड्यातनं दोनदा पाणी घालत बसणं हा बायकी कारभार. एकदाच काय ते पक्कं करावं.

केलं. लिंबाभोवती चांगला गुडघाभर बांध घातला. आतली माती पाण्यानं भिजवून पायानं तुडवून तुडवून चिखल केला, भातलावणीला करतो तसा. चिखलणी झाली की पाणी खाली मुरत न्हाई, आठ-आठ दिस हालत न्हाई. वरनं नळ सोडला. खाचर तुडुंब. लिंबू मधोमध उभं, कसं राजासारखं.

बायको पाच वर्षं तांब्यानं पाणी घालती. मी एका सकाळीत प्रश्न मिटवला.

मोसंबीला काय केलं न्हाई. फळ न दिणार्‍याच्या मागं कोण लागतंय.

५ मार्च

वैष्णवीला मुलगी झाली. दोघी बर्‍या हायेत. रत्नाबाईचा फोन. नातीचं नाक माझ्यावर गेलंय म्हणाली. मंग विचारलं, लिंबू कसं हाय? मी जेवलो का ते तिसर्‍या नंबरला विचारलं.

६ मार्च

पेढे घेऊन बाबालालकडं गेलो. बाबालाल शेजारी, दगडी गडग्यापलीकडं घर, म्होरं किराणा दुकान. शाळेत सातवीपातूर एका बाकावर. मी सातवीला थांबलो, तो आठवीला थांबला, म्हणून सोताला शिकलेला समजतो. त्याचा रोजा. पेढे संध्याकाळी खातो म्हणाला.

त्याच्या परसात बी लिंबू हाय, त्याच्या बायकोनं, बीबीजाननं लावलेलं. त्याला माझं खाचर सांगितलं. तो म्हणाला, भिवा, लिंबाला इतकं पाणी चालतंय व्हय? मी म्हणलं, तू गूळ-साबण इक, शेतीचं मला विचार. मंग म्हणाला, तू म्हणतोस म्हंजे बरोबर असंल.

येवढं ऐकल्यावर माणूस थांबंल का? म्हणलं तुझा रोजा हाय, तू सावलीत बस. घरनं फावडं आणलं, त्याच्या लिंबाला बी तसाच बांध घातला, तशीच चिखलणी. बीबीजान दारात उभी र्‍हाऊन बघत हुती. कायच बोलली न्हाई. बाईमाणसाला कामाचा दरारा वाटतो.

फावडं तितंच र्‍हायलं. उद्या आणतो.

११ मार्च

लिंबाची पानं जरा फिकी वाटली. ऊन हाय. तहान लागली असणार. नळ सोडला.

१३ मार्च

फिकी न्हाई, पिवळी. खालची जास्त. मी तवाच वळखलं. भात पिवळा पडला की काय करत्यात? युरिया. चार मुठी टाकला. पाण्यात झक्कास विरघळला.

आता दोन दिसात काळंभोर हिरवं.

१६ मार्च, दुपारी

काळंभोर न्हाई. वरची पानं बी पिवळी, आन कडा करपल्या. धरलं की हातात येत्यात. रिझल्टला टाइम लागतो.

रत्नाबाई म्हणाली, लिंबाचा फोटो पाठवा, वैष्णवीच्या सासूला दावायचाय. पाठवतो म्हणलं. परसात गेलो. मोबाइल धरला. झाडाकडं बघितलं. मोबाइल खाली घेतला.

मंग गडग्यावरनं हात लांब करून बाबालालच्या लिंबाचा काढला. लई भारी आला. हिरवंगार. पाठवला. तिनं हात जोडलेली चित्रं पाठवली, सहा.

हे खोटं न्हाई. तिनं लिंबाचा फोटो मागितला, लिंबाचा पाठवला. आठ दिसात आपलं बी तसंच होणार. मंग फोटो आपोआप खरा.

रात्री जेवण गेलं न्हाई. वांगी खारट झालती.

१८ मार्च

खरं कारण घावलं. मोसंबी!

आज तिच्याकडं बघितलं तर हिरवीगार. पाणी न्हाई, खत न्हाई, तरी हिरवी. कशी? लिंबाचं खातीय. मुळ्या आतनं आल्या असणार. मी लिंबाला युरिया घालतोय आन ही फुकटी गट्ट करतीय. शेजारी र्‍हाऊन चोरी.

निश्चय: उद्या मोसंबी तोडायची. मुळासकट.

१९ मार्च

कोयत्याचा दांडा ढिला हाय. पाचर मारून घ्यावी लागंल. मोसंबी उद्या.

२० मार्च

मोबाइलवर एक माणूस सांगत हुता, पिवळं पान म्हंजे लोखंड कमी. डोकं असलेला माणूस. घरातले सगळे गंजके खिळे, एक तुटका विळा, सायकलची चेन चिखलात दाबली. मोसंबी तोडायची राहू दिली. आधी ही ट्रीटमेंट.

चिखलात हात घातला तवा वास आला. मेलेल्या खेकड्यासारखा. खत मुरतंय.

२२ मार्च

खिळे फेल. पानगळ चालू. शेंड्याच्या काड्या वाळायला लागल्या.

नजर असणार. तो फोटो वैष्णवीच्या सासूला दावला, तितनंच लागली. सूसच्या बायका. लिंबू-मिरची बांधायची ठरवली. झाडावर लिंबू बघितलं, एक बी न्हाई, सगळी गळालेली. बाबालालच्या दुकानातनं एक विकत आणलं. लिंबाच्या झाडाला लिंबू बांधलं.

बाबालाल म्हणाला, घरात झाड आन तू लिंबू विकत नेतोस? मी म्हणलं, झाडाला ताण दिलाय, पाणी तोडलंय. शेतीत ताण देत्यात, तुला कळायचं न्हाई. व्हय व्हय म्हणाला. हा माणूस माझं इतकं का ऐकतो, मला कळंना.

त्याच्या गडग्याकडं बघायचं टाळलं.

२३ मार्च

घात. जावई आला. किशोर. न सांगता. म्हणाला, आईंनी दोन डझन लिंबं सांगितलीत, पाहुण्यांना सरबत, आपल्याच झाडाची पायजेत. परसाकडं निघाला बी. माझ्या तोंडातनं निघालं, थांबा, परसात साप हाय!

दोन पावलं उडी मारून मागं आला. मी म्हणलं तुमी चहा घ्या, लिंबं मी आणतो. पुढच्या दारानं बाबालालकडं, दोन डझन, पिशवीत वर चार पानं घातली. पानं बी त्याच्याच झाडाची. आलो. जावई म्हणाला, बाबा, साप असून गेलात? वाघ हायसा तुमी.

व्हय म्हणलं.

२४ मार्च

जावयानं कुटनं तरी सर्पमित्र पाठवला. मोटरसायकलवर, हातात काठी, गळ्यात कॅमेरा. आता सापच न्हाई तर काय दावू? परसात शिरला. खाचरात घोट्यापातूर गेला. बराच वेळ धुंडाळला. काका, म्हणाला, साप न्हाई, पण बेडूक चिक्कार हायेत. हितं भात लावलाय का?

मी म्हणलं, बेडूक हायेत म्हंजे साप येणारच.

जाताना बूट धूत म्हणाला, काका झाड मरतंय हो तुमचं. सापाच्या माणसानं सापापुरतं बोलावं.

रत्नाबाईचा फोन. सापाला हळद-कुंकू वाहा म्हणाली. आन एकदम म्हणाली, झाडाला पाणी जास्त तर होत न्हाई ना? मी म्हणलं, बेतानं घालतो. मंग म्हणाली, लिंबं मिळाली.

बरी हायेत का, असं काय म्हणाली न्हाई.

२६ मार्च

यस्टीनं पौडला गेलो. पिशवीत पिवळी पानं. खताच्या दुकानात गल्ल्यावर नवा पोरगा, चष्मेवाला. पान उजेडात धरून म्हणाला, शिरा हिरव्या आन मधलं पिवळं असतं तर खताची गोष्ट. हितं शिरा बी पिवळ्या. मुळीचा प्रॉब्लेम वाटतोय. पाणी किती देता?

मी म्हणलं, बेताचं.

निचरा होतो?

चांगला होतो.

म्हणाला, बुंध्याला जमिनीजवळ डिंक आलाय का बघा. आला असंल तर मूळ कुजतंय. कायच औषध घालू नका, आधी पाणी काढा.

मागं चार गिर्‍हाइकं हुती. मी म्हणलं, हे माझं न्हाई, एका वळखीच्या माणसाचं झाड हाय. तो म्हणाला, त्यांना सांगा.

डाक्टरला खोटं सांगून औषध आणल्यासारखं झालं. यस्टीत खिडकीला बसलो तरी वारं लागंना.

२७ मार्च

बुंध्याला डिंक हाय. गोंदासारखा, तांबडा.

रॉकेलच्या फडक्यानं पुसून टाकला.

सायंकाळी डिंक परत आला.

तिनं सांगितलं हुतं. गाडीची काच खाली करून सांगितलं हुतं.

आता बांध फोडायचा येवढंच काम. पण फावडं बाबालालकडं. फावडं आणायला गेलो तर तो विचारणार कशाला. सांगितलं की बांध फोडायला, तर म्हणणार, मंग माझा? माझ्या हातानं घातलाय त्याच्या झाडाला. तो सावलीत बसला हुता, आन मी घातला. बीबीजानचं झाड. ती त्याची लिंबं लोणच्याला सगळ्या भाच्यांना पाठवती.

निश्चय: उद्या सकाळी पैलं बाबालालला सांगायचं. स्पष्ट. आडपडदा न्हाई.

२८ मार्च

गेलो. दुकानात बसला हुता, रोज्यानं तोंड सुकलेलं. म्हणाला, काय देऊ? मी म्हणलं, बिस्किटाचा पुडा.

रोजेवाल्या माणसाला असलं काय सांगायचं? संध्याकाळी सांगू.

संध्याकाळी बी एक पुडा आणला.

२९ मार्च

गेलो. म्हणाला, भिवा, तुझा चेहरा उतरलाय. वहिनी न्हाईत म्हणून व्हय? एकटा खातोस काय, आमच्यात जेवायला ये. मी म्हणलं, दोन पुडे दे.

बिस्किटं मला आवडत न्हाईत.

३० मार्च, पाडवा

गुढी एकट्यानं उभारली. वाकडी आली. नव्या वर्षाचा निश्चय: खरं बोलायचं. बाबालालला आजच.

सणाच्या दिशी वाईट बातमी देऊ नये. उद्या.

३१ मार्च, ईद

काल 'उद्या' लिवलं तवा ईद ध्यानात आली न्हाई.

बीबीजान सोता शिरखुर्मा घेऊन आली. भाऊजी, म्हणाली, तुमाला पैला आणला. मी डबा दारातच घेतला, परसाचं दार लावून. ती माझ्या खांद्यावरनं आत बघत हुती. झाडं बरी का, म्हणाली. बरी म्हणलं. तुमच्याकडची? ती म्हणाली, अल्लाच्या कृपेनं.

घशाखाली उतरंना. तीन वाट्या खाल्ल्या.

४ एप्रिल

गडग्यावरनं बघितलं. तिच्या लिंबाला पिवळी पानं आलीत. सात-आठ तरी. खाली पडलेली बी असतील, गडग्यामुळं खालचं दिसत न्हाई.

म्हंजे झालं. दोन झाडं मारली मी. एक घरचं, एक शेजारचं. सरळ हातानं.

निदान आपला तरी बांध फोडावा. खुरप्यानं बी फुटंल, फावडंच पायजे असं काय न्हाई. खुरपं घेतलं. पण गडग्यावरनं कोण बघंल म्हणून परत ठेवलं. बाबालालला आधी सांगायचं, मंग फोडायचं. त्याच्या आधी आपलं वाचवणं बरं दिसत न्हाई.

लिंबाला आता पानं कमी आन काड्या जास्त. लिंबू-मिरची तेवढी हिरवी.

७ एप्रिल

सांगितलं.

सकाळी गेलो, पुडा मागायच्या आत बोलून टाकलं. बाबालाल, तुझं झाड मी मारलं. माझं बी मारलं. लिंबाला चिखलणी चालत न्हाई. मुळी कुजती. बायकोनं सांगितलं हुतं, मी ऐकलं न्हाई. तुझा बांध आज फोड. शिव्या दे, न्हाईतर बोलू नकोस माझ्याशी, पण बांध फोड.

दुकानात एक गिर्‍हाईक हुतं, ते बी थांबलं.

बाबालाल खाली बघत तागडी पुसत बसला. मंग म्हणाला, भिवा, तो बांध बीबीजाननं त्याच दिशी फोडला. तू गडग्याच्या पलीकडं गेलास आन तिनं तुझंच फावडं उचललं. म्हणाली, भाऊजींना सांगू नका, लई कष्टानं घातलाय.

मी म्हणलं, मंग पिवळी पानं?

म्हणाला, जुनं पान पिकणार न्हाई तर काय? तुझ्या माझ्या डोस्क्याकडं बघ.

म्हणलं, मंग मला कशाला म्हणलास, तू म्हणतोस म्हंजे बरोबर असंल? तो म्हणाला, तुला बरं वाटलं का न्हाई?

गिर्‍हाईक हसलं. बीबीजाननं आतनं फावडं आणून दिलं. सोच्छ धुतलेलं.

बरं वाटलं. झाड वाचलं. घरी येईपातूर मात्र राग आला. म्हंजे माझं कुणी ऐकलंच न्हाई. येवढ्या रात्री मी कुणासाठी तळमळलो? रोज सांगायला जाऊन आणलेले अकरा पुडे बिस्किटाचे घरात पडलेत.

उद्या उजाडता बांध फोडणार. रत्नाबाई यायला आठवडा हाय. आठ दिसात पानं फुटतील.

८ एप्रिल

उजाडता रत्नाबाई आली. आठवडा आधी. जावयानं सोडली.

घरात शिरली न्हाई. पिशवी ओट्यावर ठेवून थेट परसात. मी मागं फावडं घेऊन. बेडूक चळाचळा उड्या मारत गेले.

बराच वेळ बघत हुती. मला वाटलं वरडंल. वरडली असती तर बरं झालं असतं, मला बी वरडता आलं असतं. म्हणाली, आन रोपं कधी लावताय ह्यात?

मी फावडं म्होरं केलं.

तिनं पायातली चप्पल काढली, आन टाचेनं बांध फोडला. पाणी भसाभसा उताराला गेलं. चिखलातनं खिळे वर आले, सायकलची चेन आली. तिनं चेन उचलून माझ्याकडं बघितलं. मी म्हणलं, लोखंड कमी हुतं.

लिंबू-मिरची सोडून माझ्या हातात दिली.

चहा पिताना म्हणाली, फोटो चांगला हुता. फकस्त मी नसताना आपल्या परसात तार कधी बांधली? आन त्यावर बीबीजानचा हिरवा दुपट्टा कशाला वाळत घातला? म्हंजे पैल्या दिसापासनं ठाऊक. मी म्हणलं, मंग बोलली का न्हाईस? म्हणाली, पाण्याचं विचारलं का न्हाई तुमाला? त्या सापाच्या दिशी. बाळंतीण टाकून येता येईना. मला वाटलं, तुमीच सांगाल.

चहा निवला. बिस्किट घेतलं तिनं. फळीवरचे पुडे मोजले न्हाईत, पण बघितले.

१० एप्रिल

तिनं बुंध्याची माती उकरून लांब केली. कुजकी साल खुरप्यानं काढली. चुना आन मोरचूद कालवून निळा लेप लावला. वाळक्या काड्या छाटल्या. मी बादली धरली. बादली कशी धरायची ते बी सांगितलं. मी ऐकलं.

म्हणलं, जगंल का? म्हणाली, पावसाळ्यापातूर कळंल. म्हणलं, लोणचं? म्हणाली, यंदा बीबीजानकडनं मागून आणावं लागंल. तुमीच जा.

गेलो. बीबीजाननं पिशवी भरून लिंबं दिली. मी म्हणलं माप घाल. ती म्हणाली, भाऊजी, असू द्या, बिस्किटं लई घेतलीत तुमी.

२ मे

लिंबू आजून बोडकं. रोज सकाळी बघतो, लांबनं. जवळ जायला बंदी हाय. एका फांदीच्या बेचक्यात काहीतरी हिरवं वाटलं, चष्मा लावून बघितलं तर किडा हुता.

तोडायची र्‍हायलेली मोसंबी मात्र फुलानं पांढरी झालीय. आयुष्यात पैल्यांदा. सगळ्या परसात वास.

रत्नाबाई तिच्याखाली उभी हुती. म्हणाली, हिला काय घातलंत? आता काय सांगावं. युरिया म्हणावं, असं एकदा तोंडाशी आलं. मंग खरं सांगितलं. काय न्हाई. खत? न्हाई. पाणी? न्हाई. ढुंकून बी बघितलं न्हाई.

ती म्हणाली, मंग तेच करत जावा.

निश्चय: उद्यापासनं झाडांना काय करायचं न्हाई. पहाटेच उठून लागतो.